कमरेचा वेग मोजणारा सांगाडा : एक यंत्र आणि 403 कामांचं प्रकरण

1981 साली अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने ओझं उचलण्याच्या कामांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य यांवर संशोधन करणं हे या संस्थेचं काम. मार्गदर्शिका वापरायला सोपी होती. वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन जायचं आणि चार गोष्टी बघायच्या : ओझं शरीरापासून किती लांब आहे, किती उंचीवरून उचललं जातंय, किती वर न्यायचंय, मिनिटाला किती वेळा. सूत्रात आकडे भरले की मर्यादा मिळायची. तिच्या मुळाशी कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्यावर, म्हणजे पाचवा कटिमणका आणि त्रिकास्थी यांच्या सांध्यावर, येणारा दाब होता. 3400 न्यूटनपर्यंत ठीक, 6400 च्या पुढे अजिबात नको.

या सूत्राने गृहीत धरलेला माणूस ओझ्यासमोर सरळ उभा असतो. तो दोन्ही हातांनी, सावकाश, कुठेही झटका न देता उचलतो. कारखान्याच्या लाइनवर असं उचलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. खोका डावीकडच्या कन्व्हेयरवरून येतो, उजवीकडच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर जातो, आणि मधल्या दीड-दोन सेकंदांत कंबर वाकते, कलते, पिळते आणि सरळ होते. मोजपट्टीला सुरुवात आणि शेवट दिसतो. मधलं काही दिसत नाही.

कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत विल्यम मॅरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम नेमकं या मधल्या भागावर चाललं होतं. धडाच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून त्यांनी प्रयोगशाळेत पाहिलं, की धड वेगाने आणि तिरकं हललं की पुढचे-मागचे, डावे-उजवे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. शरीर असं करतं ते मणका सावरण्यासाठी. पण एकमेकांच्या विरुद्ध ओढणाऱ्या या स्नायूंचा ताण शेवटी मणक्यावर दाब म्हणूनच येतो. ओझं तेवढंच, कोन तेवढाच, तरी झटका दिला की कमरेला जास्त भोगावं लागतं. शेतात पोतं उचलणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं; त्याच्या भाषेत ‘उसण भरली’ की कारण बहुतेक वेळा झटकाच असतो. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही गोष्ट कारखान्यात मोजायची कशी, हा खरा प्रश्न होता.

कॅमेरे चालत नव्हते. अंगावर खुणा चिकटवून चहूबाजूंनी चित्रण करायचं तर मोकळी खोली लागते. कारखान्यात मध्ये खांब येतो, मशीन येतं, दुसरा कामगार येतो. एकच कॅमेरा वापरला तर पीळ हाती लागत नाही. म्हणजे मोजणारं साधन कामगाराच्या अंगावरच चढवायला हवं होतं.

पाठीवर चढवलेलं यंत्र

त्यांनी जे बनवलं त्याला ‘लंबर मोशन मॉनिटर’ म्हणतात. आजच्या स्मार्ट कपड्यांशेजारी ते बोजड वाटेल, कारण पाठीच्या कण्याची ती बाहेरून बसवलेली यांत्रिक प्रतिकृतीच आहे. एक पट्टा छाती-खांद्यांवर, दुसरा कटीवर, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या घेरावर, आणि दोघांच्या मध्ये टी अक्षराच्या आकाराच्या तुकड्यांची मणक्यांसारखी साखळी. कामगार वाकला, कलला, वळला की साखळीही तशीच हलते आणि तिच्यातल्या तारा ओढल्या जातात. तारांच्या टोकाला पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला फिरता रोधक. ते ही ओढ विजेच्या संकेतात बदलतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि पीळ अशा तिन्ही दिशांचे कोन मिळतात. कोन वेळेनुसार कसा बदलला यावरून वेग निघतो, वेग कसा बदलला यावरून त्वरण.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. यंत्राची दोन टोकं छातीला आणि कटीला बांधलेली असल्यामुळे ते या दोघांमधला फरक मोजतं. कामगार पावलं टाकून अख्खा वळला तर यंत्र पीळ शून्य दाखवतं, आणि पावलं जागच्या जागी ठेवून नुसतं धड वळवलं तर पीळ दाखवतं. कमरेच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच क्रिया आहेत. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक क्लिप-सेन्सरांना हा भेद कळत नाही. त्याकडे नंतर येतो.

यंत्र किती अचूक आहे हे तपासणारा लेख 1992 मध्ये छापून आला. यंत्र तयार होतं, पण नुसत्या यंत्राने काही सिद्ध होत नव्हतं. कंबर सेकंदाला अमुक अंशांनी पिळते असा आकडा हाती आला, तरी तो वाईट की ठीक हे कोण सांगणार?

नोंदवह्यांचं काम

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि यंत्राच्या कौतुकात तो नेहमी झाकला जातो. मॅरस आणि सहकाऱ्यांनी 48 उद्योगांमधली 403 कामं निवडली. सगळी पुन्हा पुन्हा तेच उचलण्याची, आणि पाळीपाळीने माणसं बदलत नाहीत अशी. ही दुसरी अट नीट पाहण्यासारखी आहे. माणूस सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या जागी काम करत असेल, तर कंबर धरली ती कोणत्या कामामुळे, हे कधीच कळणार नाही.

त्यानंतर त्यांनी प्रत्येक कामाच्या जुन्या नोंदी पाहिल्या. ज्या कामात किमान तीन वर्षांत कमरेची एकही दुखापत नाही आणि कोणी काम सोडूनही गेलेलं नाही, ते कमी धोक्याचं. ज्या कामात दर 2,00,000 तासांमागे निदान 12 दुखापती, ते जास्त धोक्याचं. दोन लाख तास म्हणजे शंभर माणसांचं साधारण वर्षभराचं काम. कमी धोक्याची 124 कामं निघाली, जास्त धोक्याची 111. उरलेली मधली.

‘कोणी सोडून गेलेलं नाही’ या अटीला मी विशेष दाद देतो. दुखापतीच्या वहीत फक्त बोलणाऱ्यांची दुखणी येतात. न बोलणारा माणूस कंबर घेऊन निमूट दुसरीकडे जातो, आणि वहीत ते काम बिनधोक दिसतं. ज्या जागेवर माणूस टिकत नाही तिथली कोरी वही पुरावा म्हणून घ्यायची नाही, एवढं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

दोन्ही टोकांच्या कामांतली माणसं पाठीवर यंत्र घालून आपापल्या जागी नेहमीसारखी काम करत राहिली. ओझ्याचं वजन, अंतर, उंची, वेळ हे सगळं स्वतंत्रपणे मोजलं. मग प्रश्न असा होता : मोजलेल्या एवढ्या साऱ्या गोष्टींपैकी कोणत्या मोजक्या गोष्टी 124 आणि 111 यांना एकमेकांपासून वेगळं करतात?

पाच पट्ट्या

उत्तर 1993 मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात आलं. पाच घटक पुरेसे होते : तासाला किती वेळा उचलायचं, ओझ्याचा कमरेवरचा जास्तीत जास्त आघूर्ण (ओझ्याचं वजन गुणिले त्याचं शरीरापासूनचं अंतर), धड पुढे जास्तीत जास्त किती अंश वाकतं, बाजूला कलण्याचा कमाल वेग, आणि पिळण्याचा सरासरी वेग. पाचपैकी दोन वेग आहेत, आणि दोन्ही आडव्या-तिरक्या हालचालींचे. मोजपट्टीला हे दोन्ही कधीच दिसले नसते. पाचही घटक एकत्र घेतल्यावर जास्त आणि कमी धोक्याच्या कामांमधलं शक्यता-गुणोत्तर 10.7 आलं. शक्यता-गुणोत्तर म्हणजे ‘दहापट धोका’ नव्हे, ते दोन शक्यतांचं गुणोत्तर असतं. तरी धंद्यातल्या माणसाला फरक किती ठसठशीत आहे हे त्यावरून समजतं.

निष्कर्ष वापरायचा कसा, तेही त्यांनी सोपं ठेवलं. कागदावर पाच आडव्या पट्ट्या. प्रत्येक घटकाची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत कुठवर जाते ते बघायचं आणि पाचांची सरासरी काढायची. ते काम जास्त धोक्याच्या गटात बसण्याची शक्यता म्हणजे ही सरासरी.

समजा, एक माणूस 10 किलोचा खोका शरीरापासून 50 सेंटिमीटरवर धरून उचलतो आणि उजवीकडच्या पॅलेटवर ठेवतो. कमरेवरचा आघूर्ण साधारण 49 न्यूटन-मीटर. व्यवस्थापनाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे खोका हलका करणं. 8 किलो केला तर आघूर्ण 39 वर येतो, आणि पाचांतली एकच पट्टी थोडी आखूड होते. तोच 10 किलोचा खोका 25 सेंटिमीटरवर आणता आला, उदाहरणार्थ मधली कठड्याची पट्टी काढून माणसाला कन्व्हेयरला भिडून उभं राहता आलं, तर आघूर्ण सरळ निम्मा होतो. आणि पॅलेट गोल फिरणाऱ्या तबकावर ठेवून ते उजवीकडून समोर आणलं, तर कलण्याची आणि पिळण्याची अशा दोन पट्ट्या एकदम उतरतात. पॅलेटखाली ओझ्यानुसार वर-खाली होणारी स्प्रिंग बसवली की वाकण्याची पट्टीही उतरते. वजनाला हात न लावता काम बदलतं.

नायॉशनेही 1991 मध्ये सूत्र सुधारलं. आदर्श परिस्थितीत मर्यादा 23 किलो, आणि तिला सहा गुणक लावून ती कमी करायची. त्यात पिळाचा गुणक नव्याने आला. ओझं समोरून 45 अंश बाजूला असेल तर गुणक 0.856, म्हणजे मर्यादा सुमारे चौदा टक्क्यांनी कमी. ही मोठी सुधारणा होती. तरी 45 अंश सावकाश वळणारा आणि झटक्यात वळणारा या सूत्रात एकच ठरतो.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. पाच पट्ट्या पुन्हा एकदा वाचा आणि त्यांतली कोणती कामगाराच्या हातात आहे ते पाहा. किती वेळा उचलायचं ते लाइनचा वेग ठरवतो. आघूर्ण खोका आणि कठडा ठरवतात. किती वाकायचं ते पॅलेटची उंची ठरवते. कलण्या-पिळण्याचा वेग मांडणी ठरवते, आणि पुढचा खोका कधी येऊन धडकणार यावर तो अवलंबून असतो. अभ्यासाचं एकक माणूस नव्हता, काम होतं. यंत्र माणसाच्या अंगावर चढलं, पण आलेला आकडा त्या जागेच्या नावावर लागला. ‘गुडघे वाकवून उचला’ असं भित्तिपत्रक लावून हात झटकणाऱ्यांची त्याने चांगलीच पंचाईत केली.

कच्चे दुवे

अभ्यास एका काळाचा छेद घेतलेला आहे. धोक्याच्या कामात वेग जास्त होता हे दिसलं, वेगानेच दुखापत झाली हे त्यातून थेट सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेतले स्नायूंचे प्रयोग सोबत असल्यामुळे कार्यकारणाला आधार मिळतो, एवढंच. कामात बदल केल्यावर पट्ट्यांसोबत दुखापतीही उतरतात का, हे याच गटाने पुढे काही वर्षांनी तपासलं आणि संबंध टिकून असल्याचं दाखवलं. दुसरा दोष सरासरीचा. चार पट्ट्या आखूड आणि एक भलतीच लांब असेल तर सरासरी ती झाकून टाकते, म्हणून जाणता माणूस आधी सगळ्यात लांब पट्टी पाहतो आणि मग बेरीज करतो. तिसरी मर्यादा सरळ आहे : हा अभ्यास उचलण्याचा आहे. ढकलणं, ओढणं, वाहून नेणं किंवा आजाऱ्याला खाटेवरून उतरवणं यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

याच प्रयोगशाळेचा 2000 सालचा आणखी एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. 25 जणांना त्यांनी तेच ओझं आधी खेळीमेळीच्या आणि मग मुद्दाम तणावाच्या वातावरणात उचलायला लावलं. दुसऱ्या वेळी प्रयोग घेणारा माणूस त्यांच्याशी तुसडेपणाने वागत होता. ओझं तेच, उंची तीच, तरी काहींच्या मणक्यावरचा दाब वाढला. अंतर्मुख स्वभावाच्या लोकांत हे जास्त दिसलं. सुपरवायझरच्या ओरडण्याचा परिणाम न्यूटनमध्ये मोजता येतो, हे वाचल्यावर कित्येक कारखान्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

मोजता आलं म्हणजे नियम झाला असं मात्र नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याने नोव्हेंबर 2000 मध्ये अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम माणसाच्या शरीराला साजेसं करण्याबद्दलचा, राष्ट्रीय नियम काढला. मार्च 2001 मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला.

सांगाडा गेला, कपडा आला

आज तोच प्रश्न घेऊन कोणी कारखान्यात जाईल तर टी-तुकड्यांची साखळी नेणार नाही. नखाएवढ्या चिपमध्ये त्वरणमापक, जायरोस्कोप आणि चुंबकमापक असतात, आणि तशी 17 एककं अंगाबरोबर बसणाऱ्या लायक्राच्या पोशाखात शिवून अख्ख्या शरीराची हालचाल टिपता येते. इथे एक गमतीची उलटापालट झाली आहे. जुनं यंत्र कोन मोजायचं आणि त्यातून वेग काढायचं. जायरोस्कोप थेट कोनीय वेग मोजतो आणि कोन त्यावरून काढावा लागतो. कोन काढताना चूक हळूहळू साचत जाते. ती सावरायला चुंबकमापक घेतला तर लोखंडी मशीनजवळ तो भरकटतो. म्हणजे कारखान्यात या सेन्सरचा कोन जरा संशयास्पद, पण वेग भरवशाचा. 1993 च्या पाचांपैकी दोन घटक वेगाचेच आहेत, त्यामुळे हे साधन या कामाला जुन्यापेक्षाही बरं असायला हवं.

अडचण वेगळीकडे आहे. छातीला किंवा खांद्याला एकच सेन्सर लावून ‘कंबर जपा’ म्हणून थरथरणारी उपकरणं मिळतात. एकटा सेन्सर धडाची हालचाल जमिनीच्या संदर्भात मोजतो. माणूस पावलं टाकून नीट वळला तरी त्याला पीळ दिसतो. शहाण्यासारखं वागणाऱ्याला चूक दाखवणारं यंत्र कामगार दोन दिवसांत लॉकरमध्ये टाकून देतो, आणि तो टाकतो ते बरोबरच. निदान दोन सेन्सर हवेत, एक छातीवर आणि एक कटीवर. मॅरस यांच्या यंत्राची दोन टोकं होती तिथेच.

धाग्यातच सेन्सर विणलेले कपडे ही पुढची पायरी. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा विणकामात घातला की कापड ताणल्यावर त्याचा विद्युत रोध बदलतो, आणि त्यावरून वाकणं ओळखता येतं. अंगाला टोचत नाही, कोणाला दिसत नाही. पण ताणलेलं कापड सोडल्यावर लगेच मूळ आकड्यावर येत नाही, मागे रेंगाळतं. घाम आणि धुलाई यांनी आकडा सरकतो. दिवसभरात माणूस किती वेळा वाकला किंवा किती वेळ वाकून राहिला, हे असं कापड चांगलं सांगेल. झटका मोजायला ते आजही कच्चं आहे. शिवाय सैल सदऱ्यावरचा सेन्सर सदऱ्याची हालचाल मोजतो, माणसाची नाही. कापड घट्ट हवं, आणि मुंबईच्या मे महिन्यात घट्ट लायक्रा घालून पाळी काढायला सांगणाऱ्याने आधी स्वतः ती काढून दाखवावी.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक असा, की जुन्या अभ्यासात आकडा कामाच्या नावावर लागायचा आणि नवी उपकरणं तो माणसाच्या नावावर लावतात. अमुक कामगार आज चाळीस वेळा ‘चुकीचं’ वाकला, अशी यादी मोबाइलवर येते. चाळीस वेळा वाकायला लावणाऱ्या पॅलेटचं नाव त्या यादीत नसतं.

गोणी आणि सेन्सर

आपल्याकडे हा प्रश्न सर्वात तीव्र आहे तो माथाडी कामगारांच्या बाबतीत. 1969 च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने त्यांना मंडळ दिलं, नोंदणी दिली, मजुरीची हमी दिली. गोणी मात्र आजही साधारण 50 किलोची असते. नायॉशच्या आदर्श परिस्थितीतल्या 23 किलोंच्या ती दुपटीहून जास्त आहे. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची जी कमाल दिली आहे, तिच्या आत ती जेमतेम बसते. दोन्ही आकडे गंभीर माणसांनीच काढले आहेत. एक उचलण्याबद्दल आहे, दुसरा वाहून नेण्याबद्दल.

ओहायोचं यंत्र इथे लावताच आलं नसतं, कारण ते जिथे बांधायचं तिथेच गोणी टेकते. सपाट सेन्सर आणि विणलेलं कापड यांचा खरा उपयोग अशा कामात आहे. पण पाच पट्ट्यांचा तक्ता उचलून इथे चिकटवला तर ती फसवणूक होईल. त्या पट्ट्या खोके उचलणाऱ्या कामांवरून काढलेल्या आहेत; पाठीवर गोणी घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरणाऱ्या माणसाचं शरीर निराळ्याच तऱ्हेने सावरतं. इथे पट्ट्या नव्याने काढाव्या लागतील, आणि त्यासाठी सेन्सरच्या आधी वही लागेल. कोणत्या टोळीने कोणत्या गोदीत किती तास कोणता माल हाताळला, कोणाची कंबर कधी धरली, कोण टोळी सोडून गावी गेला आणि का. मजुरी वजनावर मोजली जाते, त्यामुळे टनांचा हिशेब ठेवण्याची सवय या धंद्यात मुळातच आहे. तासांचा आणि दुखण्याचा हिशेब त्याच्या शेजारच्या रकान्यात घालावा लागेल.

अशी पाहणी करायची झाली तर माझ्या मते सेन्सर कंबरपट्ट्यावर, छातीच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही मांड्यांवर असावेत, म्हणजे गोणी घासणार नाही आणि कटी-छातीतला फरकही मिळेल. आधी ट्रक, फळी, थप्पीची उंची आणि गोदीतलं अंतर यांनुसार कामांचे गट पाडावेत, माणसांनुसार नाही. आणि पट्ट्या पक्क्या होईपर्यंत कोणाही एका हमालाचा आकडा मुकादमाला, व्यापाऱ्याला किंवा मंडळाला दिसणार नाही, हे टोळीसमोर पहिल्याच दिवशी लिहून द्यावं.